तिसरी हाक

(दुपारचे साडेचार. स्वयंपाकघरातलं टेबल, चहाचे दोन कप, आणि पावाच्या डब्याएवढी एक पांढरी पेटी. पेटी सध्या गप्प आहे.)

आजी : एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. सात-सात वजा करत अजून खाली जाऊ, का पुरे?

सिस्टर : पुरे. आता मघाशी तीन शब्द सांगितले होते ते...

आजी : किल्ली, सायकल, टोपी. सायकलवाल्यानं टोपी घेतली आणि किल्ली विसरला, असं जोडून ठेवलं मी. अगं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढली. सातशे नंबर तोंडपाठ होते माझे. तुझ्या तीन शब्दांनी काय होणार?

सिस्टर : आज वार कोणता?

आजी : बुधवार. गेल्या बुधवारीही तू हाच स्वेटर घातला होतास. आणि हे बटण तेव्हाही तुटलेलंच होतं. दे इकडे, लावून देते.

सिस्टर : बटण राहू दे. आजी, डोकं इतकं तल्लख आहे तुमचं, मग ही पेटी रोज उठून तुमची तक्रार का करते?

आजी : कोण, धाकटी? ती कशाला तक्रार करेल?

सिस्टर : धाकटी?

आजी : मी नाव ठेवलंय. थोरली लांब असते, ही धाकटी घरात असते. दोघींचा आवाज एकच.

सिस्टर : हो, तुमच्या मुलीनंच हाका भरून दिल्यात ना हिच्यात.

आजी : तीन. गोळीच्या वेळेला पहिली, पाच मिनिटांनी दुसरी, आणखी पाच मिनिटांनी तिसरी. ऐकलं नाही तर पंधराव्या मिनिटाला रुसते आणि झाकण लावून घेते.

सिस्टर : रुसत नाही. कुणी विसरून दोनदा गोळ्या घेऊ नयेत म्हणून बंद होतं ते. आणि तुम्ही झाकण कधी उघडलंत, ते प्रत्येक वेळी आमच्या केंद्रात लिहिलं जातं. हे तुम्हाला माहीत होतं?

आजी : बसवायला आलेला माणूस काहीतरी म्हणाला होता. तो भरभर बोलत होता आणि बूट काढायचे विसरला होता. माझं सगळं लक्ष फरशीकडे.

सिस्टर : मग आता इकडे लक्ष द्या. मागचे तीस दिवस, सकाळ-संध्याकाळ मिळून साठ वेळा. त्यातल्या पंचावन्न वेळा तुम्ही तिसऱ्या हाकेनंतर गोळी घेतलीत. पंचावन्न, आजी.

आजी : घेतली ना पण? झालं तर.

सिस्टर : दहा मिनिटांनी तुमच्या हृदयाला काही होत नाही, ते मलाही कळतं. पण केंद्रातल्या मोजणाऱ्या संगणकाला तेवढं कळत नाही. तिसरी हाक लागली की तो लाल खूण करतो. महिन्यात तीस लाल खुणा झाल्या की आम्हाला घरी यावं लागतं आणि एक फॉर्म भरावा लागतो. तो आज सहापर्यंत जायला हवा.

आजी : कसला फॉर्म?

सिस्टर : ही व्यक्ती घरात एकटी राहू शकते का. हो किंवा नाही.

आजी : ...चहा गार झाला तुझा.

सिस्टर : असू दे. आजी, माझ्याकडे एकशे चाळीस म्हातारी माणसं आहेत. आम्ही तिघीजणी आणि ही पेट्यांची फौज. पेट्या नसत्या तर आमचं काही खरं नव्हतं. वरच्या मजल्यावरचे मास्तर आज जिवंत आहेत ते त्यांच्या पेटीमुळेच. त्यामुळे पेटीला मी नावं ठेवणार नाही. पण विसरणारी माणसं मी रोज बघते. ती कधी पाच मिनिटं विसरतात, कधी पाच तास. तुमचं तसं नाही. आठ वाजून अकरा मिनिटं. पाच वाजून अकरा मिनिटं. पुन्हा आठ अकरा. असं घड्याळ लावून कुणी विसरतं का?

आजी : म्हातारपणी सवयी लागतात माणसाला.

सिस्टर : आणि रविवारी सकाळी पहिल्याच हाकेला झाकण उघडतं. चारही रविवार. रविवारी काय असतं?

आजी : रविवारी थोरलीचा फोन असतो. आठ वाजता.

सिस्टर : आजी, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय ते सांगून टाका.

आजी : तू नर्स आहेस का फौजदार?

सिस्टर : आज दोन्ही. सहाच्या आत.

आजी : मी एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा ठमीचे, म्हणजे थोरलीचे, बाबा घड्याळाच्या दुकानात होते. लग्नाआधीची गोष्ट. रोज अकराला चौकशीचा नंबर फिरवायचे. "बाई, किती वाजले सांगता का?" मी सांगायची. महिनाभरानं कळलं, हा माणूस दोनशे घड्याळांच्या मधोमध बसून मला वेळ विचारतोय.

सिस्टर : गोड आहे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर?

आजी : तेच तर दिलं.

सिस्टर : ...म्हणजे तुम्ही आवाजासाठी थांबता?

आजी : पहिली हाक वाचून दाखवल्यासारखी आहे. दुसरीत जरा जीव आहे. पण तिसरी! तिसरी भरताना ती वैतागली होती. अस्सल वैताग, दहावीच्या परीक्षेत मी उठवायला गेले की करायची तसा. मग स्वतःशीच हसलीय. आणि मागे कुकरची शिट्टी होते. तिच्या घरातली. सर्दीही झाली होती तिला त्या दिवशी. मी विचारलं तर नाही म्हणाली, पण माझ्या कानाला कोण फसवणार?

सिस्टर : आणि ती शिट्टी ऐकायला तुम्ही रोज दोनदा दहा मिनिटं बसून राहता.

आजी : खुर्ची ओढून. दुसरं काम काय असतं मला?

सिस्टर : मग दोन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार? त्या दिवशी झाकण बंदच झालं. गोळी गेलीच नाही पोटात. मला धावत यावं लागलं.

आजी : ते सोड ना.

सिस्टर : साठातली तीच एक मला खरोखर घाबरवते. तुमचं रक्त घट्ट होऊ नये म्हणून आहे ती गोळी. ती चुकून चालत नाही.

आजी : हसशील.

सिस्टर : नाही हसणार.

आजी : तिसरी हाक आली आणि मी उत्तर दिलं. "घेते गं बाई" म्हणाले. मग म्हटलं, आता तोंड उघडलंच आहे तर सांगावं. समोरच्या घरात बाळ झालं ते सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं. तिच्या बाबांचा जुना कोट देऊन टाकला आणि मग दोन दिवस जेवण गेलं नाही, तेही सांगितलं. हे मी रविवारी तिला नव्हतं सांगितलं. आणि तेवढ्यात खट् करून झाकण बंद. हसली नाहीस ती.

सिस्टर : हसण्यासारखं नाही काही त्यात. मग तुमच्या मुलीचा फोन आला असेल ना त्या दिवशी?

आजी : लगेच. तिला कसं कळलं कोण जाणे. घाबरली होती. चांगली चार मिनिटं बोलली. मला इतकं बरं वाटलं की नंतर माझीच मला लाज वाटली.

सिस्टर : तिला कळलं, कारण पेटीचं सगळं तिच्या फोनवर दिसतं. तुम्ही वेळेवर घेतली की हिरवं, तिसरी हाक लागली की लाल. महिनाभर ती लाल बघतेय, आजी.

आजी : रोज?

सिस्टर : दिवसातून दोनदा. तिला वाटतंय तुम्हाला विसरण्याचा आजार जडलाय. तिनं तिच्या गावाजवळच्या वृद्धनिवासात तुमच्यासाठी खोली बघून ठेवलीय. माझ्या फॉर्मवर "नाही" आलं की पुढच्या महिन्यात तुमचं सामान हलेल.

आजी : मला नाही बोलली ती.

सिस्टर : तुम्ही तरी तिला कुठे बोललात?

आजी : पेटी नव्हती तेव्हा रोज संध्याकाळी फोन करायची. "आई, गोळी घेतलीस का?" तेवढंच विचारायला. मग त्याला धरून बाकीचं यायचं. आता विचारायचं कारणच उरलं नाही. फोनकडे बघितलं की कळतं तिला. यंत्र चांगलं आहे गं, सिस्टर. फारच चांगलं आहे. तिचा प्रश्न तिच्याआधी विचारून मोकळं होतं.

सिस्टर : हेच तिला सांगा. पाच वाजता तिचा फोन आहे, मीच वेळ ठरवलीय.

आजी : नाही. अजिबात नाही. आईला एकटं वाटतं म्हणून तिला तिथे रात्रंदिवस टोचत राहील. तिची नोकरी आहे, पोरं आहेत. त्यापेक्षा विसरभोळी म्हणवून घेणं परवडलं.

सिस्टर : परवडत नाहीये. हे घर जाईल त्यात.

आजी : तू शब्द दे, तिला सांगणार नाहीस.

सिस्टर : बरं. मी एक अक्षर बोलणार नाही. घ्या, आलाच फोन. स्पीकरवर ठेवते.

मुलगी : हॅलो, आई? सिस्टर आहेत का तिथे? मला मीटिंगमधून वीसच मिनिटं मिळालीयत.

आजी : आहे ती. तू जेवलीस का?

मुलगी : आई, पाच वाजलेत. सिस्टर, रिपोर्ट काय म्हणतो? मी बघतेय, कालही दोन्ही लाल. मी सरळ विचारते, हे वाढत जाणार का?

सिस्टर : ताई, स्मरणशक्तीच्या सगळ्या चाचण्या घेतल्या. पैकीच्या पैकी.

मुलगी : मग हे लाल कसलं? डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला असंच असतं, मधूनमधून सगळं आठवतं. मी पेटी बदलून घेऊ का? कॅमेरावाली मिळते आता.

पेटी : आई, पाच वाजले. गोळीची वेळ झाली आहे.

मुलगी : हा... हा माझा आवाज?

आजी : हो. थांब हं, घेऊन टाकते.

सिस्टर : आजी, झाकणावरचा हात काढा.

आजी : अगं पण...

सिस्टर : दहा मिनिटांनी काही बिघडत नाही, मघाशीच सांगितलं. मी आहे इथे. बसा.

मुलगी : सिस्टर, का थांबवताय तिला? आई, घे ना.

सिस्टर : ताई, तुम्ही कधी ऐकलीत ही पेटी? इकडच्या बाजूनं?

मुलगी : मी कशी ऐकणार? मी फक्त हाका भरून पाठवल्या. रात्री स्वयंपाक करता करता.

आजी : कुकर लावला होतास.

मुलगी : तुला कसं माहीत?

आजी : असंच.

मुलगी : आई, मी ती खोली बघितलीय, तुला सांगणारच होते. दक्षिणेची खिडकी आहे. खाली बाग आहे. मला तुझ्यापासून सुटका नकोय गं. मला इथे बसून लाल ठिपका बघवत नाही. सकाळी आठनंतर अकरा मिनिटं माझा जीव टांगणीला लागलेला असतो. मुलांना डबा देताना एक डोळा फोनवर. हिरवं होतं का, हिरवं होतं का...

आजी : रोज बघत बसतेस?

मुलगी : मग काय करू?

आजी : मला वाटलं, तू कामात असशील.

पेटी : आई, गोळी घेतलीस का?

मुलगी : घे की आता! सिस्टर, हे काय चाललंय? तिला ऐकू येत नाही का?

सिस्टर : तुम्हाला सर्दी झाली होती तेसुद्धा त्यांना त्या आवाजात ऐकू येतं.

मुलगी : सर्दी? ...हो, होती बहुतेक. आई?

आजी : सिस्टर, तू शब्द दिला होतास.

सिस्टर : मी कुठे काय बोलतेय? बोलणारी अजून यायचीय.

मुलगी : मला खरंच काही कळत नाहीये. आई, तुझं काय ते तू सांग. तू सांगतच नाहीस कधी. रविवारी मी वेळ काढून फोन करते, तर "सगळं ठीक आहे, तुझं काम खोळंबलं असेल, ठेवते" म्हणून तूच ठेवून देतेस. माझ्या तोंडातलं वाक्य तोंडात राहतं.

आजी : तुझा वेळ जातो ना.

मुलगी : माझा वेळ आहे, जाऊ दे ना! गेल्या वेळी मी मोजलं. तीन मिनिटं. मागच्या वेळीही तीन. तू काय गजर लावून बसतेस का?

आजी : गजर कशाला लागतो? चौतीस वर्षं ट्रंक कॉल जोडले. तीन मिनिटं झाली की मध्ये पडून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" कुणी रडत असायचं, कुणी भांडत असायचं, विचारावं लागायचंच. अंगात भिनलंय ते. पण तुला कसं विचारायचं, वाढवू का म्हणून? तू नाही कसं म्हणणार? मग मीच तोडते.

मुलगी : आई...

पेटी : अगं आई, घे ना गं आता! किती हाका मारायच्या माणसानं? हॅ... काय बाई मी तरी, डब्याशी भांडतेय...

आजी : हं. ही शिट्टी. ऐकलीस? ही ऐकायला थांबते मी. विसरत नाही गं. पहिल्या हाकेला घेतली तर तू एकदाच बोलतेस. थांबले तर तीनदा. हॅलो? लाइन आहे ना?

मुलगी : आहे. आहे गं, आहे.

आजी : रडू नकोस. ऑफिसात आहेस.

मुलगी : जिन्यात आले मी. रोज अकरा मिनिटं तू तिथे बसून माझी वाट बघत होतीस, आणि मी इथे बसून तुझी. आणि दोघींच्या हातात फोन.

आजी : तुझे बाबाही तसेच. दोनशे घड्याळांत बसून वेळ विचारायचे.

मुलगी : म्हणजे घराण्यातच आहे हे.

सिस्टर : मायलेकींनो, पाच बारा झाले. आजी, आता मात्र उघडा. पाणी हे घ्या.

आजी : घेतली. बघ ठमे, आलं का?

मुलगी : आलं. लाल आलंय.

आजी : येऊ दे.

मुलगी : सिस्टर, मी नव्या हाका भरून पाठवते. मोठ्या, चांगल्या. दहा पाठवते.

सिस्टर : एकही नको. उलट आहेत त्याही मी आज काढून टाकणार आहे. पेटीनं नुसती टिंग टिंग करायची. तिचं काम गोळी आठवण्याचं, तेवढं ती उत्तम करते. आवाज माणसानं द्यायचा.

आजी : तिसरी पुसू नकोस, सिस्टर. हात जोडते.

सिस्टर : पुसत नाही. तुमच्या फोनवर घालून देते. हवी तेव्हा ऐका, पण गोळी घेऊन झाल्यावर. पुन्हा मंगळवारसारखं झालं तर मी खरंच "नाही" लिहीन. आणि ते मी खेळात म्हणत नाहीये.

आजी : कानाला खडा.

मुलगी : आई, मी रोज फोन करीन असं खोटं बोलणार नाही. काही दिवस घरी जाईपर्यंत नऊ वाजतात, नुसती पडते मी.

आजी : रोज कोण मागतंय?

मुलगी : तू माग ना! एकदा तरी माग.

आजी : ...बरं. बुधवारी कर. रविवार ते रविवार फार लांब पडतं मला. मधे एक बुधवार दे.

मुलगी : दिला. आणि खोलीचं त्यांना मी नको म्हणून कळवते.

आजी : आत्ताच नको म्हणू नकोस. पुढच्या वर्षी लागेलही. दक्षिणेची खिडकी म्हणालीस ना? एकदा बघून तरी येऊ. पण माझ्या पायांनी येईन, विसरभोळी म्हणून नाही.

सिस्टर : फॉर्म भरते मी. घरात एकटी राहू शकते का... हो. उशिराचं कारण... यात चारच आहेत. विसरणे, ऐकू न येणे, हातात जोर नसणे, इतर. "इतर" घेतलं तर खाली लिहायला अर्धी ओळ देतो हा.

आजी : काय लिहिणार?

सिस्टर : "बोलत होत्या." गेलं. निघते मी, अजून पाच घरं आहेत. तुम्ही बोला. आणि आजी, पुढच्या बुधवारी ते बटण लावून द्या.

आजी : सावकाश जा, जिन्यातला दिवा गेलाय. ...हां, गेली ती. चांगली आहे पोरगी. बरं, ठेवते आता, ठमे. तुझी माणसं खोळंबली असतील.

मुलगी : आई.

आजी : काय?

मुलगी : बाबांचा तो कोट आहे ना, तपकिरी, कोपरावर चामडं लावलेला? थंडीत काढून ठेव माझ्यासाठी. मी येईन तेव्हा नेईन.

आजी : ...तो नाही आता. देऊन टाकला मी, महिना झाला. तुला बोलले नाही.

मुलगी : का?

आजी : मोठी गोष्ट आहे. तीन मिनिटांत बसायची नाही.

मुलगी : मग वाढव की.

आजी : वाढवली. बोला.